पुढची तारीख सांगा

ऑगस्ट हा शहरातल्या चळवळींचा महिना. 6 तारखेला हिरोशिमा दिन, 9 तारखेला क्रांतिदिन, 20 तारखेला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा स्मृतिदिन. मधल्या दिवसांत परिसंवाद, मानवी साखळी, अभिवादन सभा. सभागृहं आधीपासून बुक झालेली. सप्टेंबर उजाडतो तेव्हा मागण्या जुलैत होत्या तिथंच असतात.

या तीन तारखा आपल्याला कुणी दिल्या? एक बॉम्ब टाकणाऱ्यांनी दिली, एक गोळ्या झाडणाऱ्यांनी. चळवळीने स्वतः ठरवलेली तारीख यात एकच. तीही 1942 सालची.

यंदाची कुठे आहे?

कुठलीही निमंत्रणपत्रिका घ्या. अध्यक्ष आहेत, प्रमुख पाहुणे आहेत, सहभागी संघटनांची लांबलचक यादी आहे. ‘अमुक काम या तारखेपर्यंत झालं नाही, तर या तारखेला आम्ही पुन्हा येऊ’ हे वाक्य त्यात शोधा. सापडत नाही. आणि समोरच्या साहेबालाही ते सापडत नाही, म्हणून तो निर्धास्त असतो.

पुण्यापुरतं बोलू. नवी पेठेतलं एस. एम. जोशी फाउंडेशन, कोथरूडचं गांधी भवन, सिंहगड रस्त्यावरचं साने गुरुजी स्मारक. परवडणाऱ्या भाड्यात वंचितांच्या प्रश्नावर बोलायला जागा मिळते, हे या शहराचं भाग्य. जागा टिकवणाऱ्यांनी आयुष्यं घातली आहेत. त्या जागेत आपण काय करतो, याचा जाब आपणच द्यायला हवा.

करतो काय? वेळ साडेपाचची, सुरुवात सहाला. स्वागत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, मनोगत. प्रमुख वक्त्याच्या हाती माईक येतो तेव्हा मागची रांग शेवटच्या बसचा हिशेब करत असते. ठराव येतात अगदी अखेरीस. वाचले, हात वर झाले, मंजूर. ज्यासाठी सभा बोलावली, त्याच्या वाट्याला पाच मिनिटं.

श्रोतेही ठरलेले. पाचव्या रांगेतला माणूस पहिल्या रांगेतल्या प्रत्येकाला नावाने हाक मारतो. चळवळीत जिव्हाळा हवाच. पण पटलेल्यांनी पटलेल्यांना पुन्हा पटवायचं, आणि ज्याला पटलेलं नाही तो रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा पीत उभा.

त्याला आत बोलावलं कुणी?

कष्टकऱ्यांच्या प्रश्नावरची परिषद भरते शनिवारी सकाळी दहाला. घरकाम करणाऱ्या बाया तेव्हा तिसऱ्या घरची भांडी घासत असतात. हमाल मार्केट यार्डात असतो. त्यांच्या दुःखावर बोलायला सगळे हजर, ज्याचं दुःख तोच गैरहजर. वेळ ठरवताना त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

आता निवेदनाकडे या. मोर्चा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फाटकाशी थांबतो. पाच जणांचं शिष्टमंडळ आत जातं. साहेब बैठकीत असतात, निवासी उपजिल्हाधिकारी निवेदन स्वीकारतात. फोटो निघतो. ‘मागण्या वरपर्यंत पोहोचवू’ असं आश्वासन मिळतं. शिष्टमंडळ बाहेर येऊन तेच ध्वनिक्षेपकावरून सांगतं, टाळ्या पडतात.

आवक क्रमांक घेतला का?

दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख? तो कागद कोणत्या शाखेकडे गेला, कोणत्या टेबलावर आहे? बहुतेकदा कुणालाच ठाऊक नसतं. फोटो पन्नास मोबाईलवर असतो, पोच एकाच्याही फाइलीत नसते. ज्या कागदाची पोच नाही, तो कागद सरकारच्या लेखी दिलेलाच नाही.

हे किरकोळ वाटतं? मग नारायण मेघाजी लोखंडे आठवा.

1884 साली मुंबईत त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. मागणी साधी होती: आठवड्यातून एक दिवस सुट्टी. सभेने मालक ढिम्म हलले नाहीत. लोखंड्यांनी सुमारे 5,500 सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं. सह्या कुणाच्या? दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसांच्या.

त्यानेही काम झालं नाही. लोखंडे थांबले नाहीत. सभा, अर्ज, ‘दीनबंधु’तून लेखन, पुन्हा सभा, पुन्हा अर्ज. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीला सुमारे 10,000 कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. 10 जून 1890 रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पहिल्या सभेपासून सहा वर्षं.

आज रविवारी सकाळी मोर्चामुळे अडलेल्या रस्त्यावर गाडीतून चडफडणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं. तुम्हाला रविवार मोकळा मिळाला, तो मोर्चाने मिळवून दिलेला आहे.

लोखंडे शांततेसाठीही उभे राहिले. 1893 साली मुंबईत हिंदू-मुस्लीम दंगल पेटली, तेव्हा त्यांनी राणीच्या बागेत ऐक्याची सभा भरवली. तीन वर्षांनी प्लेग आला. पुष्कळ पुढारी शहर सोडून गेले, लोखंडे रुग्णांच्या सेवेत राहिले आणि 1897 मध्ये त्याच प्लेगने गेले. सभा भरवणारा माणूस सभा संपल्यावर कुठे असतो, यावर त्याच्या शब्दाची किंमत ठरते.

दाभोलकरांचंही तेच. जादूटोणाविरोधी कायद्याचा पाठपुरावा त्यांनी सुमारे 18 वर्षं केला. मसुदे बदलले, मुख्यमंत्री बदलले, अधिवेशनामागून अधिवेशनं गेली. 20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने वटहुकूम काढायचं ठरवलं, डिसेंबरात कायदा झाला. 18 वर्षं जे जमत नव्हतं ते एका दिवसात जमलं, याची लाज सरकारला वाटायला हवी होती.

पुढे काय झालं? कार्यकर्ते दर महिन्याच्या 20 तारखेला त्याच पुलावर जमत राहिले. कुटुंबीय न्यायालयात गेले, तपासावर उच्च न्यायालयाची देखरेख आणली. 10 मे 2024 रोजी निकाल लागला. दोघांना जन्मठेप, तिघे सुटले. कटामागचा सूत्रधार कोण, हा प्रश्न उरला. वर्षातून एकदा मेणबत्त्या लावून ही मंडळी घरी बसली असती, तर एवढंही हाती लागलं नसतं.

आणि तो कायदा? त्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे, आणि तो पोलीस निरीक्षकाच्या दर्जाचा असायला हवा. तुमच्या भागाचा दक्षता अधिकारी कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे? 20 ऑगस्टला व्यासपीठावर बसणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे? ज्या कायद्यासाठी माणूस गेला, त्याच्या अंमलबजावणीची साधी चौकशी करायला फक्त ठाण्यापर्यंत चालत जावं लागतं.

तेवढं अंतर तरी चाला.

कायद्याने आपल्याला तारखाही दिल्या आहेत. आपण त्या वापरत नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या 1995 च्या नियमांनुसार जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. राज्याची समिती मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत बसायला हवी. 14 एप्रिलला पुतळ्याला हार घालायला येणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला विचारा: मागची बैठक कधी झाली? हार गळ्याशी पोहोचायच्या आत उत्तर मिळालं पाहिजे.

8 मार्च घ्या. कचेऱ्यांत गुलाबाची फुलं, केक, एखादं व्याख्यान. लैंगिक छळविरोधी कायदा 2013 चा. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती हवी आणि समिती नेमल्याचा आदेश सगळ्यांना दिसेल असा लावलेला हवा. तुमच्या कचेरीच्या भिंतीवर तो आहे? नसेल तर फूल परत करा आणि आदेश मागा.

माहिती अधिकार घ्या. 12 ऑक्टोबर 2005 ला देशभर कायदा लागू झाला आणि पहिला अर्ज दाखल झाला तो याच पुण्यात. उत्तराची मुदत 30 दिवस. म्हणजे प्रत्येक सभेनंतर एक अर्ज टाकला, तर पुढची तारीख आपोआप ठरते. लोकशाही दिन घ्या, महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात. वर्षाला बारा सोमवार. आपल्या चळवळी त्यातले किती वापरतात?

दारं किलकिली आहेत. आत पाय ठेवायला कुणी जातच नसेल, तर ती बंद व्हायला वेळ लागत नाही.

ड्रेनेजमध्ये गुदमरून सफाई कामगार मरतो. दुसऱ्या दिवशी चौकात श्रद्धांजली, तिसऱ्या दिवशी दुसरी बातमी. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अशा मृत्यूंसाठी 10 लाखांची भरपाई ठरवली, 20 ऑक्टोबर 2023 ला ती 30 लाख केली. त्या कुटुंबाच्या हाती किती पडले? चेक निघाला का, ठेकेदारावर गुन्हा नोंदला का, आरोपपत्र गेलं का? श्रद्धांजलीला आलेल्या शंभरांपैकी दोघांनी हे तीन प्रश्न वर्षभर लावून धरले, तर पुढचा माणूस मॅनहोलमध्ये उतरवताना ठेकेदाराचा हात अडखळेल. शंभर मेणबत्त्यांना तो भ्यालेला नाही.

सगळीकडे अंधारच आहे असं मात्र नाही. पुण्यातल्या कचरावेचक बायांकडे पाहा. 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. उकिरड्यावर हात घालणाऱ्या बायांना आधी हवी होती ओळख. मग महापालिकेचं ओळखपत्र आलं, आरोग्य विमा आला, 2008 मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करायला लागली. प्रत्येक पायरीला कागद, बैठक, पोच, पुन्हा बैठक. कराराची मुदत संपत आली की त्या पुन्हा महापालिकेच्या दारात उभ्या राहतात. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायांनी शहराला पाठपुरावा शिकवला. पदवीधरांनी शिकवणी लावावी.

हमाल पंचायतीकडे पाहा. डॉ. बाबा आढावांनी हमालांची ताकद एका मोर्चापुरती ठेवली नाही. 1974 साली ‘कष्टाची भाकर’ सुरू झाली, स्वस्तात पोटभर जेवण. 1972 पासून ‘एक गाव एक पाणवठा’ घेऊन ते गावोगाव फिरले. समतेवरचं भाषण संपलं की लोक टाळ्या वाजवून उठतात. समतेच्या पाणवठ्यावर उद्याही पाणी भरायला कुणीतरी यावं लागतं.

शहराची जुनी सवयच तशी आहे. 13 ऑक्टोबर 1929 रोजी पर्वतीच्या देवळात प्रवेशासाठी सत्याग्रह झाला. दगड पडले, शिव्या पडल्या. तरुण एस. एम. जोशी त्या सत्याग्रहात होते. पहिल्या दिवशी मार खाल्ल्यावर सत्याग्रही घरी बसले का? ते आणखी कित्येक आठवडे पायऱ्या चढत राहिले. ज्यांच्या नावाने आपण सभागृह बांधलं, त्यांची ही खोड तेवढी आपण घेतली नाही.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला जुलै 1978 मध्ये. नाव लागलं 14 जानेवारी 1994 ला. मधली साडेपंधरा वर्षं माणसं मारली गेली, घरं जळली, लाँग मार्च निघाले. ठराव मंजूर झाला त्याच दिवशी लढाई संपली असं मानलं असतं, तर फाटकावरचं नाव आजही जुनंच असतं.

2018 च्या मार्चमधला, वनजमिनीचा हक्क मागणारा शेतकऱ्यांचा मोर्चा आठवतो? 6 तारखेला नाशिकहून निघाले, सुमारे 180 किलोमीटर चालले. दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांची अडचण नको म्हणून रात्रीच उठून सायनहून आझाद मैदानाकडे निघाले. शहराने बिस्किटं दिली, पाणी दिलं, चपला दिल्या. सरकारने लेखी आश्वासनं दिली. ती पुरी झाली नाहीत म्हणून 2019 मध्ये ते पुन्हा निघाले, 2023 मध्ये पुन्हा. फोडांनी भरलेल्या पायांचे फोटो पाहून 2018 साली हळहळलेली मुंबई 2023 ला कुठे होती?

वनजमिनीचा दावा फोटो पाहून निकाली निघत नाही.

आता शांतता. दंगल झाली की तिसऱ्या दिवशी शांतता फेरी निघते. पांढरे कपडे, पांढरे फुगे, सर्वधर्मीय गुरूंचे हात हातात. सणाच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. तेच प्रतिष्ठित, तोच चहा, ‘आमच्या भागात काही होणार नाही’ हीच ग्वाही. ज्या गल्लीत दगड पडतो, त्या गल्लीतलं पोरगं या बैठकीत कधी नसतं.

भिवंडीने वेगळं करून दाखवलं. 1970 आणि 1984 अशा दोन दंगलींनी होरपळलेलं शहर. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे तिथं आले. त्यांनी सुमारे 70 मोहल्ला समित्या बांधल्या. गुंड-पुढारी बाहेर, हिंदू-मुस्लीम रहिवासी आत, सोबत ठाण्यातले पोलीस. समित्यांत बोलणं व्हायचं ते रोजच्या भांडणांवर, तक्रारींवर, अफवांवर. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये शेजारची मुंबई जळत होती. भिवंडी शांत राहिली. चार वर्षं नीट ओळख ठेवली होती, ती त्या दिवसांत कामाला आली.

भिवंडीचं हे यश आपल्याकडे किती शाळांत शिकवतात? दंगलीचे आकडे पाठ असतात. दंगल न झाल्याची गोष्ट कुणी सांगत नाही.

मुंबई ते उशिरा शिकली. श्रीकृष्ण आयोगाने 900 मृत्यू नोंदवले. दंगलीनंतर ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे, पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. वस्तीतली पोरं आणि पोलीस क्रिकेट खेळले. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही ही. ज्या हवालदाराला आपण बोल्ड केलं, त्याच्या अंगावर दगड टाकताना हात थांबतो.

आयोगाचा अहवाल सरकारकडे गेला फेब्रुवारी 1998 मध्ये. बेपत्ता माणसांचे वारस शोधा आणि भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयाला राज्याला सांगावं लागलं नोव्हेंबर 2022 मध्ये. दंगलीपासून 30 वर्षं. कुणीतरी ती याचिका वर्षानुवर्षं लढवत राहिलं म्हणून निदान एवढं झालं. शांततेसाठी जमणाऱ्या गर्दीला या निकालाची प्रत वाटली कुणी?

आणखी एक ताजी गोष्ट. 2023 ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले, 28 सप्टेंबरला. मुंबईतल्या मुस्लीम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. 2024 ला सण लागोपाठ आले, जुलूस 18 सप्टेंबरला नेला. 2025 ला 8 सप्टेंबरला. सलग तीन वर्षं. दगड पडला असता तर आठवडाभर चॅनेलवर चर्चा चालली असती. समंजसपणाला दोन कॉलमही मिळत नाहीत, आणि मग आपणच विचारतो, सलोखा राहिलाय कुठे?

आता दुसऱ्या बाजूला, खुर्चीवर बसलेल्यांना.

संविधानाच्या 19 व्या अनुच्छेदाने शांततेने, निःशस्त्र जमण्याचा हक्क दिला आहे. प्रत्यक्षात शहरात पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली जमावबंदीचे आदेश निघतात, मुदत संपली की नवे निघतात. कार्यकर्त्याच्या घरी आदल्या रात्री नोटीस येते. अपवादासाठी दिलेला अधिकार वर्षभर वापरला, की हक्कच अपवाद होऊन बसतो.

9 ऑगस्ट 2023. ऑगस्ट क्रांती मैदानाकडे अभिवादनाला निघालेल्या तुषार गांधींना पोलिसांनी सांताक्रूझ ठाण्यात बसवून ठेवलं. ‘चले जाव’च्या स्मृतिदिनी, मुंबईत, महात्म्याच्या पणतूला. निःशस्त्र माणसांच्या मूक फेरीने बिघडते ती कुठली सुव्यवस्था?

विजयी संघाच्या मिरवणुकीसाठी मरीन ड्राइव्ह मोकळा मिळतो. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला चौक मिळतो, मंडप मिळतो, कमान मिळते. सहा महिने पगार न मिळालेल्या कंत्राटी कामगारांनी तासभर फुटपाथ मागितला, की वाहतूक कोंडीचं कारण पुढे येतं. कोंडी दोन्हीकडे तेवढीच होते. फरक मागणाऱ्याच्या ऐपतीत असतो.

आणि आपण, वाचणारे? ‘आंदोलनाने काय होतं?’ असं म्हणत मान हलवणारे? रविवार, आठ तासांचं काम, मुलींची शाळा, माहितीचा अधिकार, मंदिराचा उघडा दरवाजा. यातलं काय आपोआप आलं? 1848 साली भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली तेव्हाही शेण मारणारे होते आणि लांबून पाहणारे होते. शेण मारणारे थोडे होते. लांबून पाहणाऱ्यांनी त्यांना बळ दिलं.

त्या भिडे वाड्याच्या राष्ट्रीय स्मारकासाठी माणसांनी किती वर्षं घालवली, तेही पाहा. महापालिकेचा ठराव झाला, प्रकरण न्यायालयात गेलं, तिथं वर्षामागून वर्षं गेली. 2023 च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयात अडथळा दूर झाला आणि पडकी इमारत उतरवली गेली. जागा मोकळी होणं ही अर्धीच लढाई. तिथं मुली काय शिकणार, कुठल्या मुली शिकणार, हे आत्ताच विचारलं नाही, तर उद्घाटनाच्या कोनशिलेवरची नावं तेवढी वाचायला मिळतील.

म्हणून चळवळीतल्या मित्रांना कळकळीने सांगणं. तुमच्या सभा बंद करू नका, वाढवा. मोजकं बोला. नऊ वक्त्यांऐवजी तीन ठेवा, त्यातली एक जागा तरी ज्याच्यावर गुदरलं त्याला द्या. कष्टकऱ्यांची सभा त्यांच्या वस्तीत आणि त्यांच्या सुट्टीच्या दिवशी घ्या. सत्काराचा वेळ ठरावाला द्या. शालींचे पैसे वाचवा, त्यातून माहिती अधिकाराचे कितीतरी अर्ज निघतील.

एका वेळी एक मागणी धरा. सतरा मागण्यांचं निवेदन अधिकाऱ्याला आवडतं, कारण त्यातली सगळ्यांत सोपी पुरी करून तो बाकीच्या सोळा बाजूला ठेवतो. एकच मागणी, एकच टेबल, एकच मुदत. सुटली की पुढची घ्या.

जिंकलेलं सांगायला शिका. एखाद्या वस्तीत नळ आला, एखाद्या विधवेचं पेन्शन सुरू झालं, एखाद्या पोराला जातीचा दाखला मिळाला. त्याची सभा का होत नाही? निषेधाच्याच बातम्या कानी पडत राहिल्या, तर नवा तरुण कशाच्या भरवशावर येईल? हरण्यासाठी कुणी रविवार घालवत नाही.

तरुणांना कामं द्या. सतरंज्या आणि माईक तेवढा त्यांच्याकडे, धोरण आपल्याकडे, हे पुरे झालं. न्यायालयातल्या तारखांची नोंद, फाइलचा माग, निकालाची मराठी प्रत, समित्यांच्या बैठकांचं वेळापत्रक ही कामं पोरं आपल्यापेक्षा चटकन करतील. विश्वास टाकला नाही, तर ती दुसरीकडे जातील. द्वेष पसरवणाऱ्यांकडे त्यांना द्यायला भरपूर काम आहे.

हेच खरं भय आहे. द्वेषाची कामं रोज चालतात. व्हॉट्सॲपवर सकाळ-संध्याकाळ, शाखेत, कट्ट्यावर, सुट्टीशिवाय. सलोख्याचं काम वर्षातून चार दिवस चालतं आणि पाचव्या दिवशी आपण विचारतो, हे शहर असं का झालं? जो रोज येतो, शहर त्याच्या बाजूने झुकतं.

तेव्हा आपणही रोज यायचं.

या आठवड्यात शहरात कुठली तरी सभा असेलच. जा. मागच्या रांगेत बसा. आभारप्रदर्शनाला माणूस उठला की हात वर करा आणि तीन गोष्टी विचारा. निवेदनाचा आवक क्रमांक काय? काम कुठल्या अधिकाऱ्याकडे आहे? आणि आपण पुन्हा कधी भेटतोय? तिन्ही उत्तरं मिळाली, तर वहीत लिहून घ्या आणि त्या तारखेला हजर राहा. मिळाली नाहीत, तर ती ठरल्याशिवाय सभा संपवू देऊ नका. अध्यक्ष रागावले तरी चालेल.